एक्सफॉइल : पायडलवर उडणाऱ्या विमानासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर आजही का वापरतात?

23 एप्रिल 1988. ग्रीसच्या क्रीट बेटावरून ‘डिडॅलस’ नावाचं एक विमान उडालं. त्याला इंजिन नव्हतं. आत बसलेला सायकलपटू कानेलोस कानेलोपुलोस पायडल मारत होता. पंखांची लांबी 34 मीटर, विमानाचं वजन मात्र जेमतेम 31 किलो. 3 तास 54 मिनिटांत समुद्रावरून सुमारे 115 किलोमीटर जाऊन ते सांतोरिनी बेटापाशी पोहोचलं. किनारा काही मीटरवर असताना वाऱ्याच्या झोतानं मोडून ते पाण्यात पडलं. कानेलोपुलोस पोहत बाहेर आला. माणसाच्या ताकदीवर उडण्याचा हा विक्रम आजही कायम आहे.

सॉफ्टवेअर कुठून आलं?

तयारीचा खेळाडू काही तास सलग साधारण 200 वॅट ताकद देऊ शकतो. म्हणजे जुन्या पद्धतीचे 100 वॅटचे दोन बल्ब. एवढ्यात विमान उडवायचं तर पंखाला हवेचा अडथळा कमीत कमी हवा. म्हणून या प्रकल्पातले एमआयटीचे मार्क ड्रेला यांनी 1986 मध्ये ‘एक्सफॉइल’ लिहिलं.

ते करतं काय?

पंख आडवा कापला तर जो आकार दिसतो, त्याला एअरफॉइल म्हणतात. हा आकार, हवेचा वेग आणि पंखाचा कोन दिला की पंख किती उचल देईल आणि किती अडथळा होईल, हे एक्सफॉइल सांगतं.

त्यासाठी ते आकाराच्या कडेचे छोटे सरळ तुकडे पाडून भोवतीचा प्रवाह काढतं. सोबत पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचाही हिशोब करतं. हा थर कुठपर्यंत शांत वाहतो, कुठे खवळतो आणि कुठे पंखापासून सुटतो, यावर सगळं ठरतं. कमी वेगाच्या, लहान पंखांत तर जास्तच. हे उत्तर साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत मिळतं. त्यामुळे प्रत्येक आकार विंड टनेलमध्ये तपासावा लागत नाही.

भरवसा किती ठेवायचा?

एक्सफॉइल फक्त पंखाचा छेद बघतं, अख्खं विमान नाही. ध्वनीच्या वेगाजवळ ते चालत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पंखाचा कोन फार वाढून उचल कोसळायच्या बेताला येते (यालाच स्टॉल म्हणतात), तिथे ते बऱ्याचदा उचल जास्त दाखवतं. तो आकडा खरा धरून लँडिंगचा वेग ठरवला, तर विमान जमिनीजवळ, सावरायला उंची नसताना कोसळू शकतं. म्हणून शेवटी चाचणी हवीच.

आज कोण वापरतं?

एक्सफॉइल मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे. त्यात बटणं नाहीत, कमांड टाइप कराव्या लागतात. आंद्रे देपेरोआ यांच्या ‘एक्सएफएलआर5’ या मोफत प्रोग्रॅमनं त्याला खिडक्या-मेनू दिले, शिवाय पूर्ण पंख आणि विमानाच्या स्थिरतेचं गणितही जोडलं. ड्रोन, ग्लायडर, छोट्या पवनचक्क्यांची पाती, कॉलेजातली मॉडेल विमानं, अशा कितीतरी गोष्टींचं पहिलं गणित आज इथूनच सुरू होतं.