हक्क आणि त्याची वाट

एखादा हक्क कायद्यांत लिहिला गेला, म्हणजे तो ज्याच्या त्याच्या पदरांत पडला असें नव्हे. नोकरींत असतां अपंगत्व आलेल्या माणसाचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

आपल्या देशांत या प्रश्नाचा विचार प्रथम झाला तो भरपाईच्या दृष्टीनें. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. अपघाताची सूचना मालकास लवकर द्यावी, मुदतींत आयुक्तांकडे मागणी करावी, म्हणजे रक्कम मिळे. नोकरी टिकेल याची हमी मात्र नसे.

ती हमी १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयींच्या कायद्यानें दिली. सेवेंत असतां अपंग झालेल्यास सरकारी आस्थापनेनें काढूं नये. जुनें काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीवर दुसरें द्यावें, असें त्याच्या ४७ व्या कलमानें बजावलें. तरीहि कर्तव्य बजावतांना जायबंदी होऊन पाय गमावलेल्या केंद्र सरकारच्या एका शिपायास १९९८ सालीं घरीं बसविण्यांत आलें! उच्च न्यायालयांत तो हरला. अखेर २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, निवृत्तिवेतन मिळतें एवढ्यावरून या कलमाचें संरक्षण नाकारतां येत नाहीं.

मात्र दार चुकल्यास खरा हक्कहि अडतो. एका बँकेच्या कर्मचाऱ्याच्या निवृत्तीस अपंगांच्या मुख्य आयुक्तांनीं तात्पुरती मनाई केली होती. आयुक्तांना चौकशीचा अधिकार आहे, मनाईहुकुमाचा नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें. तांतडीची मनाई हवी, तर न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

२०१६ च्या नव्या कायद्यानें ही वाट अधिक स्पष्ट केली आहे. त्याच्या २० व्या कलमांत नोकरीचें तें संरक्षण कायम आहे. २३ व्या कलमाप्रमाणें सरकारी आस्थापनेंत तक्रार-निवारण अधिकारी असावा लागतो. त्यानें तक्रार नोंदवहींत घ्यावी आणि नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी करावी. समाधान न झाल्यास जिल्हा समितीकडे जातां येतें. आयुक्तांनीं शिफारस केल्यास संबंधितांनीं तीन महिन्यांत उत्तर दिलें पाहिजे.

म्हणून तक्रार तोंडी करूं नये. ती लेखी द्यावी, पोंच घ्यावी, वैद्यकीय दाखल्याची व प्रत्येक हुकुमाची प्रत तारखेसह जपावी. त्या शिपायाचें दुःख न्यायालयानें पाहिलें नव्हतें. त्याच्यापुढें होते ते कागद आणि कायद्याचें एक कलम.