नारळी भात : गुळाचा कीं साखरेचा ?

श्रावणी पौर्णिमा जवळ आली म्हणजे महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. नारळी भात गुळाचा करावयाचा कीं साखरेचा, हा तो वाद. सासरची रीत एक आणि माहेरची दुसरी असली म्हणजे तर त्याला विशेषच धार चढते. गुळाचा पक्ष परंपरेचा दाखला देतो. साखरेचा पक्ष केशराच्या रंगाकडे आणि मोकळ्या शिताकडे बोट दाखवितो. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचें एकमत असतें : आपल्या घरीं होतो तोच कोंकणचा मूळचा भात. हा दावा इतिहासाच्या कसोटीला लावून पाहिला तर दोघांचीही थोडी पंचाईत होते.

मूळचें म्हणून कोंकणच्या पदरांत होतें तरी काय ? तांदूळ, नारळ आणि खाडीकांठच्या मिठागरांतलें मीठ. त्यांपैकीं नारळाची साक्ष मोठी जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले. त्यांपैकीं एकांत चिखलपद्र नांवाच्या गांवचीं आठ हजार नारळाचीं झाडें लेण्यांतील भिक्षुसंघाला दान दिल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्यांत शूर्पारक म्हणजे आजचें सोपारें व इतर ठिकाणच्या चरकांच्या परिषदांना नानंगोल गांवचीं बत्तीस हजार झाडें दिल्याचें सांगितलें आहे. लेखांतला शब्द 'नाळीगेर' असा आहे. दानपत्रांत झाडें हजारांनीं मोजलीं जात होतीं, त्या अर्थीं त्या काळींच नारळ ही या किनाऱ्यावरची परसांतली हौस राहिलेली नव्हती. तें उत्पन्नाचें भरवशाचें साधन झालें होतें.

भातांतले बाकीचे सर्व जिन्नस पाहुणे आहेत. लवंग मूळची मोलुक्का बेटांवरची. वेलदोडा मलबाराकडील डोंगरांतून आला. केशर काश्मिरांतून आणि इराणांतून. काजूचें झाड तर पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझिलांतून आणून गोव्याकडे लावलें. तेव्हां भातावर काजूचे तुकडे पेरून 'आमच्याकडे पूर्वापार असाच होतो' असें जो म्हणेल, त्यानें पूर्वापार या शब्दाची मुदत पांचशें वर्षांच्या आंतली समजावी हें बरें.

आणि गूळ ? खरी मौज येथेंच आहे. कोंकणची जमीन उताराची आणि जांभ्या दगडाची. चार महिने धो धो पडलेलें पाणी वाहून समुद्राला मिळतें आणि उन्हाळ्यांत विहिरींचे तळ दिसूं लागतात. उसाला बारा महिने ओल लागते. त्यामुळें ऊस येथें फारसा रुजला नाहीं. गोव्याकडे माडाची सूर आटवून माडाचा गूळ करण्याची चाल आहे. पण बाकीच्या कोंकणाला लागणारा उसाचा गूळ बहुतांशीं घाटावरूनच उतरला. कऱ्हाडचा माल कुंभार्ली घाटानें चिपळुणास येई, कोल्हापूरकडील माल अणस्कुऱ्यानें राजापुरास आणि फोंड्याच्या घाटानें त्याच्या दक्षिणेस. खालीं येतांना बैलांच्या पाठीवर गूळ आणि धान्य. वर जातांना मीठ, नारळ आणि सुकी मासळी. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत १८९५ सालीं कोल्हापुरास शाहूपुरीची व्यापारपेठ वसली आणि पुढें गुळाच्या बाजारांत तिचें नांव झालें. म्हणजे ज्या गुळाच्या भाताला कोंकणची जुनी खूण मानावयाची, त्याची निम्मी चव घाट उतरून आलेली ! समुद्राचा नारळ आणि देशावरचा गूळ यांची गांठ घाटवाटेनें घातली, असेंच म्हणावें लागतें.

उलट दिशेनेंही हा भात चालत गेला असला पाहिजे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ सालीं पेशवे झाले आणि त्यांच्या मागोमाग कोंकणांतलीं कित्येक घराणीं घाट चढून पुण्यास स्थायिक झालीं. माणूस गांव सोडतो, पण सणाचें ताट सोडीत नाहीं. पुढें १८६३ सालीं बोर घाटांतून आगगाडी सुरू झाली आणि नारळ बैलाच्या पाठीवरून रेल्वेच्या डब्यांत गेला. देशावर साखरभात होताच. त्यांत साखर, केशर, लिंबू आणि सढळ हातानें तूप असे. नारळाची त्याला गरज नसे. साखरेचा नारळी भात हा या साखरभाताचा आणि कोंकणच्या भाताचा संकर असावा, असें त्याच्या रंगरूपावरून वाटतें. केशर, बेदाणे, लिंबू हा सारा सरंजाम साखरभाताच्याच घरचा आहे.

तथापि साखर घरोघर पोंचावयास पुष्कळ अवकाश लागला. एकोणिसाव्या शतकांत मॉरिशसहून येणाऱ्या साखरेला लोक 'मोरस' म्हणत. पुढें जावा बेटाची साखरही आली. ही परदेशी साखर हाडांच्या कोळशानें शुद्ध करतात अशी बोलवा होती, आणि १९०५ च्या स्वदेशी चळवळींत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. ज्या घरांत अशी शंका होती त्या घरांत नैवेद्याला गूळच निर्धास्त वाटावा हें स्वाभाविक होय. १९३२ सालीं सरकारनें देशी साखरधंद्याला जकातीचें संरक्षण दिलें, कारखाने वाढले, आणि नगर जिल्ह्यांत प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाल्यावर तर साखर ही महाराष्ट्राच्या शेतांतलीच वस्तु झाली. साखरेचा भात 'शहरी' ठरला तो या इतिहासामुळें. त्यांत कोणाच्या जिभेच्या नाजूकपणाचा संबंध थोडा आहे.

दोन्ही भातांत खरा भेद आहे तो मात्र पातेल्यांत. तांदूळ अर्धवट शिजला असतां गूळ किंवा साखर घातली तर पुढें कितीही वाफ दिली तरी शीत शिजत नाहीं. गोडवा पाणी ओढून घेतो आणि दाणा कणीदार राहतो. म्हणून तुपावर लवंगा तडतडवून, तांदूळ परतून, भात आधीं पुरता पण मोकळा शिजवून घ्यावयाचा, परातींत पसरून निववावयाचा, आणि मगच ओलें खोबरें व गूळ यांच्याबरोबर मंद आंचेवर ठेवावयाचा, असा अनुभवी हातांचा शिरस्ता आहे. गूळ वितळला कीं भात एकदां सैल होतो. नवख्या सुनेला तेथें घाम फुटतो. जाणती स्वस्थ बसते, कारण पाक आटतांच तो पुन्हां मिळून येणार हें तिला ठाऊक असतें. साखरेच्या भाताची अडचण पुढची आहे. निवाला कीं त्यांतला पाक दाटतो, कधीं साखर पुन्हां दाणे धरते, आणि संध्याकाळीं भात टणक लागतो. लिंबाचा रस पिळतात तो केवळ चवीसाठीं नव्हे. आंबटपणानें साखरेचा कांहीं अंश फुटून निराळ्या साखरा होतात आणि त्या दाणे धरूं देत नाहींत. गुळांत अशा साखरा मुळांतच असतात. गुळाचा भात दुसऱ्या दिवशीं अधिक मुरलेला लागतो याचें कारण हें. शिळ्या भाताच्या परीक्षेंत गुळाचा पक्ष निर्विवाद जिंकतो, एवढें त्याच्या बाजूनें सांगणें प्राप्त आहे.

प्रमाणांचा वाद पुढें छापील पुस्तकांनीं मिटविला, किंवा वाढविला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें, लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं, आणि कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' १९७० सालीं. अंदाजाची मूठ जाऊन वाटी आली.

या दोन पक्षांच्या भांडणांत तिसरा भात सर्वांच्या विस्मरणांत जातो. त्यांत खोबऱ्याचा चव नसतो. नारळ वाटून, पिळून, त्याच्या दुधांत तांदूळ शिजवितात. पातळ दूध आधीं आणि दाट दूध शेवटीं, कारण दाट दूध फार उकळलें कीं फुटतें. दक्षिण कोंकणांत आणि गोव्यांत हा भात गोडही होतो आणि मिठाचाही. अलिबागेच्या आसपासच्या गांवांतून राहिलेल्या बेने इस्राएल लोकांनीं त्याला फार मान दिला. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम न करणारे म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणें मांस आणि दूध एका जेवणांत येऊं शकत नाहीं. गाई-म्हशीचें दूध वर्ज्य झालें तेथें नारळाचें दूध उभें राहिलें, आणि मांसाच्या पंक्तीला नारळाच्या दुधांतला भात बसला. १९४८ नंतर त्यांतलीं बरींच घरें इस्राएलला गेलीं; एलियाहू प्रेषिताच्या नांवानें पोहे, साखर आणि ओलें खोबरें कालवून केलेला मलिदा त्यांच्याबरोबर तिकडे गेला.

तांदूळ, नारळ, मीठ : कोंकणच्या स्वतःच्या तीन जिनसांशीं हा तिसरा भात सर्वांत प्रामाणिक आहे. श्रावणी पौर्णिमेच्या ताटांत मात्र त्याला सहसा जागा मिळत नाहीं. बाकी तांदळाचाही अभिमान फार धरूं नये. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईकर ब्रह्मदेशचा तांदूळ खात होते. १९४२ सालीं तो प्रांत जपानच्या हातीं गेला, आवक तुटली, आणि १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें. सणाच्या भाताला तांदूळ कोणता आणि किती, हें तेव्हां कार्डानें ठरविलें.

ज्यांचा हा सण, त्या कोळीवाड्यांत काय शिजतें तेंही पाहण्यासारखें आहे. यांत्रिक होड्यांची मासेमारी आतां जून-जुलैंत कायद्यानें बंद असते आणि पहिल्या ऑगस्टला खुली होते, त्यामुळें पौर्णिमेच्या आधींच होड्या बाहेर पडलेल्या असतात. तरी सोनेरी वर्खाचा नारळ वाजतगाजत बंदरावर जातो आणि दर्याला अर्पण होतो. घरीं त्या दिवशीं बहुधा ओल्या नारळाच्या करंज्या तळलेल्या असतात.