पावकी-निमकीचं यंत्र आणि बीडचा बाजार

१९६०च्या दशकातल्या अमेरिकी विज्ञानमालिकांमध्ये दिव्यांची उघडझाप करणारी जी लोखंडी कपाटं दिसतात, ती पुठ्ठ्याची नव्हती. 'बॅटमॅन' आणि 'लॉस्ट इन स्पेस'मधली कपाटं बरोज २०५ या संगणकाची. १९५४ साली बाजारात आलेलं हे व्हॉल्व्हचं यंत्र मालिका सुरू झाल्या तेव्हा कालबाह्य झालेलं होतं. 'द टाइम टनेल'मध्ये अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी आयबीएमने बनवलेल्या 'सेज' संगणकाचे भाग भिंतीला लावले होते. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक तेविसाव्या शतकात हातात धरतो ती ई-६बी, म्हणजे १९३०च्या दशकापासून वैमानिक वाऱ्याचा आणि इंधनाचा हिशेब ज्यावर करत ती गोल सरकपट्टी. निर्मात्यांचा हेतू पैसे वाचवण्याचा होताच, पण एक अडचणही होती. हिशेब डोळ्यांना दिसत नाही, तो चालू आहे हे पटवायला काहीतरी लुकलुकावं लागतं. म्हणून कामातून उतरलेल्या यंत्रांनी भविष्याचं सोंग घेतलं.

असं सोंग बीड जिल्ह्यातल्या हिशेबाला कधी घेता आलं नसतं, कारण त्याचं यंत्र माणसाच्या तोंडात होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे आपण आज 'घोकंपट्टी' म्हणून निकालात काढतो. माझं म्हणणं असं की ते त्या काळच्या नाण्यांसाठी आणि मापांसाठी घडवलेलं गणनयंत्र होतं. त्याचा इतिहास यंत्राचा इतिहास म्हणूनच लिहायला हवा: ते कशासाठी बनलं, कोणाच्या हातात होतं आणि कशामुळे निकामी झालं.

रचना पाहा. रुपयाचे सोळा आणे, शेराच्या सोळा छटाका, मणाचे चाळीस शेर. पाव रुपया म्हणजे चार आणे, पाव शेर म्हणजे चार छटाका, पाव मण म्हणजे दहा शेर. सगळं व्यवहारविश्व अर्ध्याने आणि पावाने तुटत जाणारं, म्हणून पाढेही त्याच मापाने कापलेले. सात सवाई पावणेनऊ हे ज्याच्या तोंडी आहे त्याला सव्वा रुपया शेराच्या सात शेरांची किंमत काढायला पाटी लागत नाही. अडीचकीचं महत्त्व तर थेट तागडीपाशी कळतं. सोळा अडीच चाळीस. म्हणून मण जितक्या रुपयांना, अडीच शेर तितक्या आण्यांना. भागाकार करावाच लागत नाही, तो पाढा रचणाऱ्याने आधीच करून ठेवलेला आहे. बीडमध्ये यात आणखी एक पेच होता. जिल्हा निजामाच्या राज्यात आणि शेजारचा अहमदनगर इंग्रजांच्या मुलखात. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हालीला सहा कलदार हा रूढ दर. आष्टी-पाटोद्याकडचा माल नगरच्या पेठेत विकायचा तर प्रत्येक सौद्यात आणे-पैशांच्या हिशेबावर हा सातास सहाचा दर चढवायचा. हद्दीवरच्या अशा बाजारात तोंडी हिशेब ही हौस नव्हती, धंद्याची गरज होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पाठांतराला यंत्र म्हणणं ही शब्दांची कसरत आहे, यंत्र म्हणजे वस्तू. आक्षेपात तथ्य आहे, पण आपल्याच परंपरेत त्याला जुनं उत्तर आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त खगोल-यंत्रांचा अध्याय लिहिला. त्यात शंकू आहे, घटिका आहे, सूर्याच्या उंचीवरून वेळ काढायचं फलकयंत्र आहे, आणि शेवटी धीयंत्र: हातात एक काठी, बाकी सगळी बुद्धी. ग्रंथकाराने श्रेष्ठ ठरवलं ते हेच. (त्यांचं विज्जलविड हे गाव म्हणजे बीड, असंही काहींनी मांडलं आहे. तो दावा मुख्यतः नामसाम्यावर उभा आहे. त्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा; त्यामुळे बीडकरांनी इथे फार ताणू नये.) अर्थात धीयंत्रात विचार आहे आणि पाढ्यात तो गोठलेला आहे, हा फरक मी नाकारत नाही. पण विचार एकदा करून गोठवायचा आणि पुढे कोणालाही न विचार करता वापरता यावा, हेच तर प्रत्येक गणनयंत्राचं काम असतं. सरकपट्टी फिरवणाऱ्या वैमानिकाला लॉगरिदम कुठे सिद्ध करावा लागतो?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हे यंत्र सगळ्यांचं नव्हतं. शाळेची पायरी चढू न दिलेल्या जातींना आणि बहुतेक बायकांना त्याचा उपयोग नव्हता. सावकार मोडीत वही लिहायचा, तोंडाने व्याज लावायचा आणि कुळाने अंगठा उमटवायचा. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे आणि वह्या मागून घेऊन जाळल्या. तोंडातलं यंत्र जाळता येत नव्हतं, कागदच हाती लागले. पाढ्यांबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी हे वगळू नये. मात्र यातून ते यंत्र नव्हतं असं ठरत नाही. मालकी थोड्यांची होती, एवढंच ठरतं.

मोडीत निघण्याची गोष्टही यंत्रासारखीच. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. आणा सव्वासहा पैशांचा झाला आणि अडीचकीची सगळी कळ नाहीशी झाली. त्याआधी १९४८मध्ये निजामाचं राज्य गेलंच होतं; हाली सिक्काही पुढे व्यवहारातून उतरला. पाढे त्यानंतरही म्हटले गेले, पण काम सुटलेले: स्पर्धांमध्ये, कौतुकासाठी, आजोबांची स्मरणशक्ती दाखवण्यासाठी. बरोज २०५ चित्रीकरणाच्या कपाटात गेला, तशी औटकी स्नेहसंमेलनात.

अपूर्णांक मात्र जिल्ह्याच्या हिशेबातून गेला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, याच मापाने मुकादम आजही उचल देतो. तो हिशेब कोण मांडतं आणि कोण तपासू शकतं, हा १८७५चा प्रश्न बीडमध्ये अजून सुटलेला नाही.