सोडणारा हात

मोरजीला चापोरा नदी समुद्राला मिळते, तिथं दुपारनंतर वायव्येचा वारा धरला की किनाऱ्यावर पतंग चढू लागतात. हे संक्रांतीचे पतंग नव्हेत. पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असलेले, एखाद्या खोलीएवढे कापडी पतंग. वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या. दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला कमरेला हार्नेस बांधलेला माणूस आणि त्याच्या पायाखाली फळी. याला काइटबोर्डिंग म्हणतात.

मी तिथं शिकत होतो तेव्हा एका अनोळखी माणसानं मला त्याचा पतंग धरायला बोलावलं. त्यानं अंगठा वर केला, मी पतंग सोडला. एक दोरी पतंगाच्या टोकाभोवती अडकली होती. ती त्याला दिसली नाही, मलाही दिसली नाही. पतंग भिरभिरत वाळूवर आपटला, पुन्हा उसळला आणि तो माणूस दहा-बारा पावलं फरपटत गेला. त्यानं वेळेत रिलीज ढकललं म्हणून थोडक्यात निभावलं. पतंग पडला तिथून जवळच दोन मुलं वाळूत किल्ला करत होती.

"चूक माझी," तो गुडघे झटकत म्हणाला. मला ते तेव्हाही पटलं नाही. त्यानंतर या खेळाचा इतिहास वाचत गेलो, तसं ते आणखीच पटेनासं झालं.

पतंगाच्या ओढीवर प्रवास करण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. सॅम्युअल कोडी यांनी १९०३ साली पतंगानं ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. आजच्या खेळाचं मूळ मात्र फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर आहे. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट दाखल केलं. त्यांनी सोडवलेला प्रश्न साधा होता: पाण्यात पडलेला पतंग पुन्हा वर कसा चढवायचा? बाजाराला त्यांची दखल घ्यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. १९९६ मध्ये मनू बर्तां आणि लेअर्ड हॅमिल्टन यांनी हवाईतल्या माउई बेटाजवळ हा खेळ करून दाखवला, पुढच्या वर्षी लेगेन्यू बंधूंचा 'विपिका' पतंग विक्रीला आला आणि मग खेळ झपाट्यानं पसरला.

म्हणजे पतंग वर कसा चढवायचा हे आधी सुटलं. तो सोडायचा कसा, हा प्रश्न मागे राहिला. सुरुवातीच्या पतंगांची ओढ फारशी कमी करता येत नसे, आणि ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १२ नॉटवरून २४ वर गेला तर ती दुप्पट नाही, चौपट होते. अशा पतंगाला माणूस हुकानं अडकलेला असे. एक झोत आला की तो उचलला जाई. समोर पाणी असेल तर नशीब, भिंत किंवा गाडी असेल तर मृत्यू. लोकांनी शिडाच्या होड्यांवरचे झटकन उघडणारे खटके आणून लावले, स्वतःच जुगाड केले. पुढे दाबताच किंवा ढकलताच सुटणारे रिलीज आले. २००५ च्या सुमारास 'बो' प्रकारचे पतंग आले आणि नुसता दांडा पुढे ढकलून जवळजवळ सगळी ओढ काढून टाकता येऊ लागली. रिलीज यंत्रणेच्या सुरक्षेच्या अटी आणि चाचण्या ठरवणारं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २१८५३, आलं ते २०२० साली. चारच वर्षांनी, २०२४ मध्ये, मार्सेच्या समुद्रात हा खेळ ऑलिंपिकमध्ये खेळला गेला.

या यंत्रणेतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रिलीज ढकललं तरी पतंग पूर्ण सुटत नाही. तो एका लीशवर, एकाच दोरीला धरून, फडफडत पडतो. पूर्ण सुटला तर मालक वाचेल, पण चार दोऱ्या मागे ओढत तो पतंग वाऱ्याच्या दिशेनं दुसऱ्या कुणावर जाईल. ताणलेल्या दोरीनं काय होतं हे मांजानं कापलेले गळे पाहिलेल्या आपल्याला सांगायला नको. लीशही सोडायची सोय असते, पण ती शेवटची. आधी स्वतःला वाचवा, तरी पतंग इतरांवर सोडू नका, असा क्रमच त्या दोरीत बांधलेला आहे.

बाकीचं कुठल्याही यंत्रात बसत नाही. ते रीतीत बसतं. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्याला आधी वाट द्यायची. दोघं जवळून जाताना वाऱ्याकडच्या बाजूच्यानं पतंग वर ठेवायचा, दुसऱ्यानं खाली. वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे भरपूर मोकळी जागा नसेल तर पतंग चढवायचाच नाही. उतरवायला मदत हवी असेल तर डोक्यावर थाप मारून खूण करायची. ती दिसेल त्यानं हातातलं काम टाकून जायचं, मग ओळख असो वा नसो. माउईच्या उत्तर किनाऱ्यावर सकाळी अकराच्या आधी पतंग चढवत नाहीत, कारण ती वेळ मासेमारी करणाऱ्यांची आणि पोहणाऱ्यांची. किनारा आपला एकट्याचा नाही, हे त्या वेळापत्रकातच मान्य केलेलं आहे.

मोरजीचा किनाराही एकट्या पतंगवाल्यांचा नाही. तिथं मासेमार आहेत, पर्यटक आहेत, हिवाळ्यात अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं आहेत. यांपैकी कुणीही रिलीज बांधलेलं नाही. त्यांची सुरक्षा पतंग चढवणाऱ्याच्या आणि तो सोडणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते.

म्हणूनच ती चूक एकट्याची नव्हती. माझ्या कामात एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. घाईच्या दिवशी न वाचता अंगठ्याची खूण टाकणारे मी पाहिलेत. मीही टाकली आहे. त्या दुपारी मी तेच केलं. समोरच्यानं अंगठा दाखवला, म्हणजे त्यानं पाहिलं असणार, असं धरलं. तो समजत होता की पतंग मी धरलाय, म्हणजे मी पाहिलं असणार.

आता कुणी पतंग धरायला सांगितलं की मी आधी एकेक दोरी नजरेनं त्याच्या दांड्यापर्यंत नेतो. मग वाऱ्याच्या दिशेला वळून कोण कोण बसलंय ते पाहतो. तोवर समोरचा अंगठा वर करून ताटकळतो, कधी वैतागतोही. मी हात सोडत नाही.