कानपूरची सावली
कोंकणांतील आचरें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले; पुढें हार्वर्ड विद्यापीठांत ग्रोपिअस या जर्मन वास्तुविशारदापाशीं त्यांनीं नव्या वास्तुकलेचे धडे घेतले. परंतु सपाट गच्ची नि उघडें काँक्रीट हा थंड देशांतील वेष कानपूरच्या उन्हाळ्यांत कसा निभावणार? १९६० च्या दशकांत तेथील तंत्रज्ञान संस्थेचा परिसर रचतांना त्यांनीं इमारती चौकांभोंवतीं मांडल्या, आणि एका विभागांतून दुसऱ्या विभागांत विद्यार्थी सावलींतूनच जाईल असे आच्छादित मार्ग, कांहीं तर मजलाभर उंचीवरून, बांधिले. कोंकणी घराची पडवी ज्यानें पाहिली आहे, त्यास याचें नवल वाटूं नये. गुरूची शिस्त मात्र सुटली नाहीं: खांब-तुळयांचा सांगाडा उघडाच राहिला, मधल्या भिंती तेवढ्या विटांच्या.