काकतालीयाचे गणित

कावळा ताडावर बसावा आणि त्याच क्षणी ताडफळ खाली पडावे, अशा निव्वळ योगायोगाला संस्कृत शास्त्रग्रंथांनी काकतालीय न्याय हे नाव दिले आणि मराठीने तोच कावळा फांदीवर बसवून त्याची म्हण केली. मात्र असा योग नेमका किती दुर्मीळ, हे आकड्यांत सांगण्याची रीत युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत, जुगाराच्या फाशांचा हिशेब करता करता रुजली. तो हिशेब फाशांवरून उचलून प्रत्यक्ष लोकजीवनातील घटनेला लावण्याचा एक अगदी आरंभीचा प्रयत्न लंडनमध्ये झाला. प्लेगच्या साथींमुळे तेथील चर्चचे कारकून दर आठवड्याला मृतांची पत्रके तयार करीत आणि त्यांतच बाप्तिस्मा झालेल्या मुलग्यांची व मुलींची संख्याही नोंदवीत. राणी ॲनचा वैद्य जॉन अर्बथनॉट याने 1629 ते 1710 या 82 वर्षांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा त्याला दिसले की प्रत्येक वर्षी मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा अधिक आहे. पहिल्याच वर्षी 5,218 मुलगे आणि 4,683 मुली होत्या.

मुलगा किंवा मुलगी होणे हे नाणे उडवण्यासारखे असेल, तर एखाद्या वर्षी मुलगे अधिक भरण्याची संभाव्यता, म्हणजे सर्व समान शक्यतांपैकी अनुकूल शक्यतांचा वाटा, फार तर निम्मी असते, आणि सलग 82 वर्षे तसेच घडण्याची संभाव्यता निम्म्याला निम्म्याने 82 वेळा गुणून मिळते; या अपूर्णांकाचा छेद 25 अंकी येतो. एवढे अशक्यप्राय काही आपोआप घडणार नाही, पुरुष अधिक संख्येने दगावतात म्हणून ईश्वरानेच ही तजवीज केली आहे, असा निष्कर्ष अर्बथनॉटने काढला. आकडेमोडीत त्याची चूक नव्हती. परंतु त्या आकड्याने खोटे ठरले होते ते केवळ समसमान नाणे, आणि त्याच्या जागी काय मानायचे याविषयी तो आकडा मुका होता. निकोलस बेर्नुली या स्विस गणितज्ञाने थोड्याच काळात हे दाखवून दिले. 18 बाजू मुलग्यांच्या व 17 मुलींच्या, असा 35 बाजूंचा फासा कल्पिला आणि वर्षाला 14,000 जन्म धरले, तर सरासरीने 7,200 मुलगे व 6,800 मुली होतात, आणि एवढ्या अंतरापुढे एखाद्या वर्षी मुली वरचढ ठरणे हेच नवल ठरते.

याच लंडनमध्ये 1944 च्या जूनपासून जर्मनीचे व्ही-1 हे वैमानिकाविना उडणारे बॉम्ब पडू लागले. त्यांच्या इंजिनाची घरघर एकाएकी थांबली की काही सेकंदांची शांतता आणि मग स्फोट, असा अनुभव नित्याचा झाला. आणि हे बॉम्ब विशिष्ट वस्त्यांवरच झुंडीने येतात, हा समजही पसरला. तो खरा असता तर शत्रूजवळ असामान्य अचूकतेचे अस्त्र आहे असे मानावे लागले असते, म्हणून हा प्रश्न केवळ अफवेपुरता नव्हता. आर. डी. क्लार्क या विमागणितीने, म्हणजे विम्यासाठी आयुर्मान व जोखीम यांचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाने, दक्षिण लंडनचा 144 चौरस किलोमीटरचा भाग घेऊन त्याचे पाव चौरस किलोमीटरचे 576 चौकोन पाडले आणि त्यांत पडलेले 537 बॉम्ब मोजले. बॉम्ब नेम न धरता पडत असतील, तर किती चौकोनांत एकही नाही, किती चौकोनांत एक, किती चौकोनांत दोन, हे फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ याच्या 1837 मधील सूत्रावरून सांगता येते, आणि त्या सूत्राला केवळ सरासरी, म्हणजे येथे दर चौकोनाला 0.93 बॉम्ब, एवढीच माहिती पुरते. सूत्रानुसार सुमारे 227 चौकोन कोरे राहायला हवे होते, प्रत्यक्षात 229 राहिले. एक बॉम्ब पडलेले चौकोन 211 अपेक्षित होते आणि तेवढेच निघाले. दोनांचे 99 ऐवजी 93, तिनांचे 31 ऐवजी 35, चारांचे दोन्हीकडे 7. उरलेल्या एका चौकोनात मात्र सात बॉम्ब पडले होते, आणि तेथे राहणाऱ्या कोणालाही आपल्यावर नेम धरलेला नाही हे पटवणे अवघडच गेले असते.

लग्नानंतर मांडवातील फरशीकडे पाहिले तर हीच गोष्ट अक्षतांत दिसते: काही लाद्यांवर दाण्यांचे पुंजके, तर काही लाद्या कोऱ्या. दर लादीवर एकेक दाणा नीट पडलेला आढळला असता, तरच कोणीतरी ते दाणे हाताने मांडले असावेत अशी शंका घ्यावी लागली असती. क्लार्कचा हा लेख 1946 मध्ये विमागणितींच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि तो जेमतेम पानभराचा आहे.

वृत्तपत्रांनी स्वतःच संभाव्यतेचे आकडे छापावयास आरंभ केल्यावर निराळाच घोळ झाला. 1986 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याची लॉटरी एकाच स्त्रीने चार महिन्यांत दोनदा जिंकली, तेव्हा याची शक्यता 17 लाख कोटींत एक असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने सांगितले. पहिल्या सोडतीत 39 मधून 6 अंक निवडायचे होते, ज्याचे 32,62,623 प्रकार होतात, आणि दुसरीत 42 मधून 6, ज्याचे 52,45,786. हा गुणाकार 17 लाख कोटींच्या थोडा वरच जातो. परंतु हे उत्तर एका ठरावीक व्यक्तीने त्या दोनच सोडतींना एकेक तिकीट घेण्याचे आहे, आणि त्या स्त्रीचे नाव पहिल्या विजयापूर्वी कोणी ठरवून ठेवलेले नव्हते. देशभर लक्षावधी लोक आठवड्यामागून आठवडे अनेक तिकिटे घेत असताना त्यांच्यापैकी कोणीतरी, कोठेतरी, दोनदा जिंकण्याची शक्यता किती, असा प्रश्न पर्ड्यू विद्यापीठातील स्टीफन सॅम्युएल्स व जॉर्ज मॅककेब या संख्याशास्त्रज्ञांनी विचारला, तेव्हा सात वर्षांच्या अवधीसाठी ती निम्म्याहून अधिक भरली आणि चार महिन्यांसाठीही तिसांत एकाहून सरस निघाली. पर्सी डायकोनिस व फ्रेडरिक मोस्टेलर यांनी योगायोगांवरील 1989 च्या आपल्या निबंधात हा दाखला घेतला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने त्या निबंधावर लेख दिला आणि चार वर्षांपूर्वीच्या 17 लाख कोटींच्या जागी तिसांचा आकडा त्याच्या वाचकांसमोर आला.