दलदलीच्या दप्तरातला पाऊस

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. कुर्ला, घाटकोपर, अंधेरीचे सखल भाग बुडाले. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असताना, वाहून नेतील या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या अहवालात तज्ज्ञांनी ही क्षमता ताशी ५० पर्यंत वाढवायला सांगितले होते.

असे आकडे ठरतात ते पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून. कुलाब्याची नोंद एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, सांताक्रूझची त्याहून खूपच आखूड. एवढ्याशा वहीवरून ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ किती, हे काढायचे म्हणजे चार परीक्षांच्या गुणांवरून मुलाच्या आयुष्याचे भाकीत करण्यासारखे आहे. मग आधीच्या हजारो वर्षांची वही कोणी लिहिली? तिची काही पाने दलदलींनी जपून ठेवली आहेत.

थंड प्रदेशातील पाणथळ जागी शेवाळ आणि गवत मरते, पण पुरते कुजत नाही, कारण साचलेल्या पाण्यात प्राणवायू नसतो. थरावर थर साचून तपकिरी, स्पंजासारखा पदार्थ तयार होतो. तोच पीट. वर्षाला तो फार तर मिलिमीटरभर वाढतो. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल ब्लिट यांनी १८७६ मध्ये दलदलीतील झाडांच्या खुंटांचे थर आणि शेवाळाचे थर पाहून कोरडे व ओले काळ आलटून पालटून आले असावेत, असे मांडले. १९१६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी थराथरांतील परागकण मोजून आलेख काढले. थरांचे वय मात्र अंदाजानेच सांगावे लागे. ती अडचण १९४९ मध्ये लिबी यांच्या कार्बन-१४ पद्धतीने दूर केली. मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा होती. पुढे हे काम अहमदाबादला गेले.

आपल्याकडे पीट दुर्मीळ. उष्णतेत सारे झटपट कुजते. पण निलगिरीच्या उंच, थंड खोलगट जागांत ते सापडते. त्यावर रामन सुकुमार, रेंगस्वामी रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिले ते परागकण नव्हेत, तर कार्बन-१३ चे प्रमाण. ज्वारी, मका, ऊस यांच्या प्रकारच्या वनस्पतींत कार्बन-१३ किंचित जास्त असतो. भातात आणि बहुतेक सर्व झाडांत कमी. निलगिरीवर पहिल्या प्रकारची गवते कोरड्या काळात फैलावतात. म्हणजे पीटमधला कार्बन पावसाची बातमी देतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, मोसमी पाऊस दुबळा होता. हिमयुग ओसरताना तो जोर धरत गेला. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीपासून पुन्हा बराच काळ तो रोडावला. ही चढउतार कारखाने नसताना झाली, हे लक्षात घ्यावे; आताची भर त्यावर पडते आहे.

मुंबईत पीट नाही, पण प्राणवायूविना राहिलेला चिखल भरपूर आहे. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडे निघाली: एकूण ३८२, त्यांपैकी २२३ मुळांवर उभी. लाकूड खैराचे! खैर काही खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे तेथे कधीकाळी कोरडी जमीन होती. समुद्र चढला की जमीन खचली, दोन्ही शक्यता मांडल्या गेल्या.

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्हाला विचारले गेले, २६ जुलैसारखा दिवस पीटमध्ये दिसेल का? नाही. एका सेंटिमीटरच्या थरात कित्येक वर्षे दबलेली असतात. पीट सांगते ते पावसाची बैठकच किती सरकू शकते एवढे. आणि बैठक सरकली की जुन्या वहीवरून काढलेला ‘शंभर वर्षांतला एक’ पाऊसही बदलतो. एकेका महापुरासाठी दुसरे दप्तर पाहावे लागते. नर्मदेच्या खडकाळ घळईत पूर ओसरताना आडोशाला वाळू-गाळ टाकून जातो. पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी हे थर वाचून सुमारे १७०० वर्षांतील मोठ्या पुरांचा माग काढला.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. उंच बरणीत पाणी घ्या, त्यात मूठभर बारीक माती टाका, ती बसू द्या. दुसऱ्या दिवशी मूठभर वाळू, तिसऱ्या दिवशी पुन्हा माती. बाजूने पाहिले की वाळूचा दिवस ओळखता येतो. मुंबईच्या खाड्यांतही, जोरदार पाण्याने वाहून आणलेली वाळू बारीक चिखलात अशीच पट्टीसारखी दिसू शकेल. गोराईला, मनोरीला, मुलुंड-भांडुपच्या बाजूला तिवरांखालचा चिखल जेथे अजून भरावाखाली गेलेला नाही, तेथे नळी खुपसून ती शोधता येईल. जेथे डेब्रिज पडले, तेथे मात्र ती नळी आत जात नाही.